चाळिसावी इमारत

मी पोचलो तेव्हा मिस इस्मे ग्रिफिथ शिडीवर उभ्या राहून स्वतःच्याच घराची खिडकी काढत होत्या. खिडकी चौकटीसकट निघाली. ती त्यांनी खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातात दिली, ॲप्रनच्या खिशातून खडू काढला आणि शेजारच्या फळीवर आकडा घातला. सतरा.

"थांबा," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर वारसा खात्यानं दिलेलं पिवळं हेल्मेट होतं, गळ्यात कॅमेरा आणि हातात मोजपट्टी. अशा माणसाचं जगात कुठेही कुणी ऐकत नाही. मिस इस्मे मात्र थांबल्या. त्यांच्या बाजूनं काही चूक झाली असं म्हणायचंच असेल तर ती एवढीच.

याला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, जुन्या इमारती वाचवणं हा माझा पेशा होता आणि लंडनच्या एका सल्लागार कंपनीनं मला सहा आठवड्यांसाठी पोर्ट सेलविनला पाठवलं होतं. पोर्ट सेलविन हे कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटाचं बंदर. पुण्यात मी हे नाव घेतलं की लोक "म्हणजे वेस्ट इंडीज" म्हणत आणि क्रिकेटवर येत. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, त्यामुळे त्या बेटाविषयी माझ्याशी फार कुणी बोललंच नाही.

शहराला जागतिक वारशाच्या यादीत जायचं होतं. त्या बंदरातून दोन-अडीचशे वर्षं साखर आणि रम बाहेर जात होती आणि साखळ्या घातलेली माणसं आत येत होती. साखरेची कागदपत्रं उत्तम अवस्थेत होती. अर्जाला चाळीस वास्तूंची यादी जोडायची होती आणि पाचव्या आठवड्यापर्यंत माझ्याकडे एकोणचाळीस झाल्या होत्या: जकातघर, किल्ला, गव्हर्नरचा बंगला, दोन चर्चेस, रमची गोदामं, ज्या चबुतऱ्यावर माणसांचा लिलाव व्हायचा तो चबुतरा, आणि अशाच आणखी. सगळ्या दगडी, सगळ्या मालकांच्या. ज्यांनी ते दगड वाहिले त्यांचं त्यात काहीच नाही, असं मी वारसा खात्याच्या उपसंचालकांना, मिस्टर लॅशलींना म्हणालो होतो.

"दगड त्यांचेच आहेत," लॅशली म्हणाले. "वाहून त्यांनीच आणले."

लॅशली रोज टाय लावून येत आणि रोज साडेचारला तो सोडून खिशात ठेवत. खात्यात त्यांना तेवीस वर्षं झाली होती. मला ते फार निराश गृहस्थ वाटायचे. ते अनुभवी होते, हे मला नंतर कळलं.

तर अशा वेळी, जुन्या गोदीमागच्या एका बोळात मला हे घर दिसलं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, सगळं लाकडी. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर उभ्या चढाचं पत्र्याचं छप्पर आणि छपराच्या कडेला कातरकाम केलेली नक्षी. आणि हे अख्खं घर प्रवाळाच्या सुट्या दगडांवर नुसतं टेकलेलं. आपण विटांवर कपाट ठेवतो तसं.

"काय करताय तुम्ही?" मी विचारलं.

"घर बदलतेय," मिस इस्मे शिडीवरून म्हणाल्या.

"पण तुम्ही तर घर पाडताय."

खालचा म्हातारा, म्हणजे त्यांचा मावसभाऊ थिओ, खिडकी भिंतीला टेकवून ठेवत म्हणाला, "तुमच्याकडे घर बदलताना घर मागे ठेवून जातात का साहेब?"

मग त्यांनी मला एका उपड्या बादलीवर बसवून सगळं सांगितलं. जमीन त्यांची नव्हती, कधीच नव्हती. ती गोदी चालवणाऱ्या कंपनीची होती आणि कंपनीला तिथे पर्यटकांच्या बससाठी पार्किंग करायचं होतं. नोटिशीची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. यात मिस इस्मेंना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. गुलामी संपली तेव्हा मळ्याचा मालक त्यांच्या पणजोबांना म्हणाला होता, माझ्या जमिनीवर राहा, माझ्या उसात राबा आणि ज्या दिवशी माझं डोकं फिरेल त्या दिवशी चालते व्हा. पणजोबांनी ते ऐकून घेतलं आणि चालतं होता येईल असं घर बांधलं. बेटावर गरिबांची सगळीच घरं मग तशी झाली. कायद्यानंही ते मानलं होतं. असं घर म्हणजे जंगम मालमत्ता, पलंगासारखी, गाडीबैलासारखी. जमीन कुणाचीही असो, घर राहणाऱ्याचं.

हे घर चार वेळा हललं होतं. फळ्यांच्या आतल्या बाजूला त्याचा हिशोब होता. पहिले आकडे पटाशीनं कोरलेले, पणजोबांचे. त्यावर आजोबांचे तांबडे, मग वडिलांचे निळे आणि थिओचे काळे. आता मिस इस्मेंचा खडू. जोडांमध्ये खिळा नाही, लाकडी खुंट्या. हलवायची पद्धतही ठरलेली. रविवारी सकाळी शेजारीपाजारी यायचे, दुपारपर्यंत घर उतरवायचं, नव्या जागी न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत उभं करायचं. मालकिणीनं सगळ्यांना जेवू घालायचं आणि त्या दिवशी त्याच घरात अंग टाकायचं. येत्या रविवारी चौदा माणसं येणार होती. टेकडीवर चर्चनं एक तुकडा दिला होता, पाच वर्षांच्या बोलीवर.

मी आत जाऊन त्या फळ्यांवर हात फिरवला. खरं सांगतो, मला भरून आलं. आमच्या पेशातल्या लोकांना फळ्या बघून भरून येतं. माणसांसाठी सरकारात वेगळं खातं असतं.

"हे घर कुठेही जाता कामा नये," मी बाहेर येऊन म्हणालो.

लॅशलींना मी त्याच दुपारी तिथे आणलं. त्यांनी घराला एक फेरी मारली, पायानं एक दगड जरासा हलवून पाहिला आणि अर्ज काढला. तातडीच्या संरक्षणाचा हुकूम काढायची खात्यात सोय होती. ती कुणी वापरल्याचं लॅशलींना आठवत नव्हतं. अर्जात तिसरा प्रश्न होता, वास्तू स्थावर की जंगम. संरक्षण कायदा फक्त स्थावर वास्तूंना लागू होता. जंगम वारशासाठी वस्तुसंग्रहालय होतं आणि त्याच्या दारातून वीस फुटी घर आत जात नव्हतं.

लॅशलींनी पेन माझ्या हातात दिलं. "तज्ज्ञ तुम्ही आहात," ते म्हणाले. "हे घर चालत जातं असं त्या बाई म्हणाल्या ना?"

"आता जाणार नाही," मी म्हणालो आणि 'स्थावर'वर खूण केली.

खात्याच्या इतिहासात कुठलाही कागद इतक्या लवकर हलला नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी हुकूम माझ्या हातात होता आणि मी तो घेऊन बोळात गेलो. तोवर दोन्ही खिडक्या आणि दार निघालं होतं. दाराच्या जागी मिस इस्मे बसून भेंड्या चिरत होत्या. चौदा माणसांचं जेवण म्हणजे आधीपासून तयारी लागते.

मी वाचून दाखवलं. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून सदर वास्तूचा कोणताही भाग कोणीही काढू, हलवू, बदलू अथवा नष्ट करू नये.

"कोणीही म्हणजे कंपनीसुद्धा?" मिस इस्मेंनी विचारलं.

"कंपनी आधी. त्यांना आता या घराला हात लावता येणार नाही."

"आणि मला?"

"तुम्हालाही नाही. पण तुम्हाला हात लावायची गरजच काय? मिस इस्मे, आता तुम्हाला कधीच हलावं लागणार नाही."

हे वाक्य मी फार सहज बोललो. ते माझ्या अहवालातही आहे, जरा जड भाषेत.

मिस इस्मेंनी सुरी खाली ठेवली. त्यांच्या आईबद्दल त्या पहिल्यांदाच बोलल्या. आईला आंब्याचं वेड होतं. दर जागी ती घरामागे कोय लावायची, झाड फळाला येईतो नोटीस यायची आणि घर गाडीवर चढायचं. झाड गाडीवर चढत नाही. आईनं तीन झाडं लावली आणि एकाचाही आंबा खाल्ला नाही. चौथं मिस इस्मेंनी लावलं होतं, ते हे मागे उभं होतं. आठ वर्षांचं. या मोसमात पहिल्यांदा मोहर धरला होता.

"फळ धरेल याला?" त्यांनी मला विचारलं. मी इमारतींचा तज्ज्ञ होतो, पण हातात हुकूम असलेल्या माणसाला सगळंच विचारतात.

"धरेल की," मी म्हणालो.

थिओ खिडकीची चौकट खांद्यावर घेऊन उभा होता. "इस्मे, कागद ठेव बाजूला," तो म्हणाला. "रविवारी माणसं येतायत. ट्रक सांगितलाय. टेकडीवर मी दगड लावून आलोय."

"एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'राहा' म्हणतंय," मिस इस्मे म्हणाल्या. "जरा ऐकू दे मला, थिओ."

त्यानं चौकट खाली ठेवली. मग थोड्या वेळानं उचलली आणि परत भिंतीत बसवली. सतराच्या शेजारी, नीट.

रविवारी चौदा माणसं आलीच. जेवण केलेलं होतं, ते वाया घालवणं मिस इस्मेंना पटणारं नव्हतं. मक्याच्या पिठात भेंड्या घालून घोटलेला गोळा आणि त्यावर मासळीचं कालवण. दिसायला आपल्या उकडीसारखं आणि घशाखाली उतरायला थोडं जास्त निसरडं. माणसं घराभोवती दगडांवर, पायऱ्यांवर, जमिनीवर बसून जेवली. त्यांनी अवजारं आणली होती, ती भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेली. कामाला आलेल्या माणसांना नुसतं जेवायला लावलं की ती जशी अवघडतात तशी ती अवघडली होती. माझ्याशी सगळे चांगलं बोलले. एकानं विचारलं की, इंडियातही गरिबांची घरं वाचवायला बाहेरून माणसं येतात का. मी म्हणालो, येतात. तो म्हणाला, मग तुमचंही अवघड आहे.

थिओ माझ्या शेजारी येऊन बसला.

"साहेब, तुमच्या घराला पाया आहे का?"

कोथरूडला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. पाया असल्याचं बिल्डरनं लेखी दिलेलं होतं. "आहे," मी म्हणालो.

"हां," थिओ म्हणाला. "म्हणून."

आणि उठून ताटली धुवायला गेला.

महिना संपला. एक तारखेला सकाळी कंपनीचा वकील आला. मिस्टर ट्रॉटमन, तरुण, अत्यंत नम्र. त्याच्याबरोबर एक पिवळा बुलडोझर होता. तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला, कारण आत शिरायला जागा नव्हती. मला वाटलं, घर पाडायला आलेत. मी हुकूम पुढे केला. ट्रॉटमननं तो आधीच वाचलेला होता आणि त्याला तो फार आवडला होता.

कंपनीला वारशाविषयी अतीव आदर आहे, असं त्यानं सांगितलं. घराला कोणीही हात लावणार नाही; उलट पार्किंगच्या मधोमध ते शोभून दिसेल. बुलडोझर आजूबाजूच्या झाडझाडोऱ्यासाठी होता. फक्त एक गोष्ट. हुकुमानुसार हे घर स्थावर आहे. स्थावर म्हणजे जमिनीचा भाग. जमीन कंपनीची. तेव्हा घर कंपनीचं. इतके दिवस कंपनीचा समज होता की, घर या बाईंचं आहे, म्हणून तर त्यांना ते घेऊन जायची नोटीस दिली. तो समज चुकीचा होता हे सन्माननीय तज्ज्ञांनी लक्षात आणून दिलं, त्याबद्दल कंपनी आभारी आहे. आता बाई कंपनीच्या घरात विनापरवाना राहतायत, तेवढं त्यांनी थांबवावं.

हे त्यानं इतक्या सौम्यपणे सांगितलं की मला पहिल्या खेपेला कळलंच नाही. मिस इस्मेंना कळलं. त्यांच्या घराण्यात नोटिशी ऐकून समजण्याची चार पिढ्यांची सवय होती.

"म्हणजे माझ्या पणजोबांपासून हे घर आमचं होतं," त्या मला म्हणाल्या, "आणि गेल्या बुधवारपासून नाही?"

मी लॅशलींकडे धावलो. ते माझी वाट बघत असावेत. हुकूम मागे घेता येईल का? येईल, सक्षम अधिकाऱ्याला. पण तज्ज्ञाचं मत बदललं तरच. प्रकरण कंपनीनं कोर्टात नेलं होतं आणि गुरुवारी मॅजिस्ट्रेटसमोर मला एकच प्रश्न विचारला जाणार होता.

बुधवारी मिस इस्मे स्वतः माझ्या हॉटेलवर आल्या. चांगले कपडे, हॅट, हातमोजे. आत यायला तयार नव्हत्या. व्हरांड्यातच उभ्या राहिल्या.

"उद्या एवढंच सांग," त्या म्हणाल्या, "की ते हलतं. बाकीचं थिओ बघेल. त्याला एक दिवस लागतो. माणसं तीच आहेत, अजून कुठे गेली नाहीत."

मी म्हणालो, बघतो.

"बघायचं काय त्यात? तू आत हात लावून बघितलंयस ना सगळं?"

त्या गेल्यावर मी पुन्हा लॅशलींकडे गेलो. साडेचार वाजून गेले होते. टाय खिशात होता. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी जंगम म्हणालो तर घर मिस इस्मेंचं, हे खरं. पण त्याच क्षणी संरक्षण संपलं. नोटिशीची मुदत तीस तारखेलाच गेली. मुदतीनंतर दुसऱ्याच्या जमिनीवर पडून राहिलेली जंगम वस्तू म्हणजे अडगळ. कंपनी ती उचलून टाकू शकते.

"कोर्टानं एक दिवस दिला तर?" मी विचारलं.

"देईलही."

"नाही दिला तर?"

"तो बुलडोझर काही सहलीला आलेला नाही," लॅशली म्हणाले. मग म्हणाले, "यादी एकोणचाळिसावर येईल. पण ते सोडा. ते माझं मी बघेन."

त्यांनी ते सोडा म्हटलं आणि मी सोडलंही. आजही मी शपथेवर सांगू शकतो की, माझ्या मनात यादी नव्हती. माझ्या मनात त्या फळ्या होत्या. पटाशीचे आकडे, त्यावर तांबडे, निळे, काळे. पावणेदोनशे वर्षांचं लाकूड आणि पिवळा बुलडोझर. एका बाजूला घर नक्की वाचत होतं. दुसऱ्या बाजूला घर आणि बाई दोन्ही वाचतील किंवा दोन्ही जातील. हे मी रात्रभर तोललं असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी हॉटेलवर पोचायच्या आत ठरवून टाकलं होतं.

मॅजिस्ट्रेट बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, सर्दीनं बेजार. कोर्टात पंखा होता, चालत नव्हता. मिस इस्मे पुढच्या बाकावर बसल्या होत्या, तीच हॅट. त्यांना वकील नव्हता. माझ्यावर विसंबल्या होत्या. मागे थिओ आणि चौदापैकी नऊ जण. ते कामाच्या कपड्यांत आले होते. ट्रॉटमन उठला, माझ्या पदव्या मोठ्यानं वाचल्या आणि विचारलं, तज्ज्ञ म्हणून आपल्या मते सदर वास्तू स्थावर आहे की जंगम.

मी मिस इस्मेंकडे पाहिलं नाही. समोर भिंतीवर कोण्या मृत न्यायाधीशाचं तैलचित्र होतं, त्याच्याकडे पाहिलं. चौकटीला वाळवी लागलेली होती.

"स्थावर," मी म्हणालो.

मागे कोणीतरी खाकरलं. बाकी काही झालं नाही. मॅजिस्ट्रेटबाईंनी लिहून घेतलं, नाक पुसलं आणि फाइल मिटताना, निकालाचा भाग म्हणून नव्हे, सहज म्हणाल्या, "जंगम असतं तर मी रविवारपर्यंत मुदत देणार होते. माझ्या आजीचं घर असंच होतं. पण तज्ज्ञांचं मत स्पष्ट आहे."

बाहेर पायऱ्यांवर मिस इस्मे हातमोजे काढत उभ्या होत्या. एकेक बोट सोडवून, सावकाश.

"घर वाचलं ना?" त्यांनी मला विचारलं.

"वाचलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि थिओचा हात धरून उतरल्या.

कोर्टानं त्यांना त्यांच्या जंगम वस्तू नेण्याची परवानगी दिली होती. कुठली वस्तू जंगम याबद्दल वाद होऊ नये म्हणून तज्ज्ञानं हजर राहावं, असंही लिहिलं होतं. शुक्रवारी दुपारी मी एका पॅडवर कागद लावून दारात उभा राहिलो. ट्रॉटमन बाजूला. थिओ आणि त्याची माणसं एकेक वस्तू दारापर्यंत आणत आणि थांबत.

पलंग. जंगम. शिवणयंत्र. जंगम. येशूची तसबीर. जंगम. ती जिच्यावर टांगलेली होती ती खुंटी. स्थावर. पडदे जंगम, पडद्यांच्या दांड्या स्थावर. भिंतीला ठोकलेली फळी, तिच्यावर चहाचे कप: कप जंगम. दारामागे मिस इस्मेंची उंची मोजलेल्या रेघा होत्या, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत; त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही आणि मी त्या अहवालात छायाचित्रासह घेतल्या. आंब्याच्या झाडाचंही कुणी विचारलं नाही. ते यादीत नव्हतं आणि पार्किंगमध्ये होतं.

दीड तास हे चाललं. कुणीही माझ्याशी भांडलं नाही. थिओ प्रत्येक वस्तू समोर धरून फक्त उभा राहायचा आणि मी शब्द उच्चारेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायचा. ते भांडणापेक्षा फार वाईट होतं.

शेवटी आत काही उरलं नाही. मिस इस्मे दाराखालच्या दगडावर बसून होत्या. पायरी म्हणून ठेवलेला तो एक सपाट प्रवाळाचा दगड होता, चढून चढून मध्ये खोलगट झालेला. थिओ म्हणाला, "चल." त्या उठल्या. मग मागे वळून दगडाकडे बघत त्यांनी मला विचारलं, "आणि हा?"

ट्रॉटमन म्हणाला, पायरी हा वास्तूचा अविभाज्य भाग आहे. ते बरोबरच होतं. माझ्या आराखड्यात ती होती, मापासकट.

"जंगम," मी म्हणालो.

ट्रॉटमननं माझ्याकडे पाहिलं. दगडावरून वाद घालावा की नाही याचा त्यानं विचार केला असावा. घड्याळ बघितलं आणि मान हलवली. थिओनं तो दगड एकट्यानं उचलून डोक्यावर घेतला. मला मदतीला हात लावू दिला नाही.

विमानाच्या आदल्या दिवशी मी मिस इस्मेंना भेटायला गेलो. त्या भाचीकडे राहायला गेल्या होत्या, सरकारी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. सगळी काँक्रीटची इमारत, भक्कम. भाचीनं मला आत बोलावलं नाही आणि घालवूनही दिलं नाही. मागच्या अरुंद गॅलरीत मिस इस्मे बसल्या होत्या. समोर हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या. गॅलरीत तो दगड होता आणि त्यावर त्या बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर पायरीचा काहीच उपयोग नव्हता, आणि तो दगड तिथे फार विचित्र दिसत होता.

मी माफी मागायला गेलो होतो. चार वाक्यं तयार केली होती. त्यांनी मला दोनच बोलू दिली.

"हा त्या तुझ्या वहीत आहे का?" दगडावर तळवा ठेवून त्यांनी विचारलं.

आराखड्यात आहे, मी म्हणालो. पण तो कुठे गेला हे अजून कुठे लिहिलेलं नाही.

"नको लिहूस," मिस इस्मे म्हणाल्या. "तू काही लिहिलंस की ते आमचं राहत नाही."

मग त्या भिंतीकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं भाचीनं दार उघडून धरलं.

पोर्ट सेलविन तीन वर्षांनी यादीत गेलं. चाळिसाव्या इमारतीचं विशेष कौतुक झालं. तिच्याभोवती दोर आहे, बाहेर मी लिहिलेल्या मजकुराची पाटी आहे आणि चारी बाजूंना बस उभ्या राहतात. मिस इस्मे यादी जाहीर व्हायच्या आधीच्या वर्षी गेल्या. थिओनं मला कळवलं नाही. लॅशलींनी कळवलं, निवृत्तीच्या पत्रात, शेवटून दुसऱ्या ओळीत.

दारात पायरी नसल्यामुळे पर्यटकांची, विशेषतः वयस्कर पर्यटकांची, फार गैरसोय होते. एकदोघे पडलेही. प्रतिकृती बसवायला यादीवाले परवानगी देत नाहीत. त्यांना मूळ पायरी हवी आहे. म्हणून वारसा खातं मला दर वर्षी पत्र पाठवतं. मूळ आराखड्यात दर्शवलेला पायरीचा दगड हल्ली कुठे आहे, याबाबत आपल्याकडे काही नोंद असल्यास कळवावे.

नोंद नाही, असं मी दर वर्षी कळवतो. माझ्या पेशात याला अक्षम्य हलगर्जीपणा म्हणतात. गेल्या पत्रात त्यांनी तसं म्हटलंही आहे.